मुंबईवाल्यांचं सोंग काढणारा दामजी

दामजी गेला. महिना होत आला. निरोप घेऊन त्याची लेक मोगी स्वतः आली. खांडबाऱ्याच्या स्टेशनावर उतरली ती थेट माझ्या शिलाईच्या दुकानात. “चाचा, बाबा गया,” एवढंच म्हणाली आणि मशीनशेजारी बसून राहिली… शाळेत मास्तरीण आहे ती आता.

गेलेल्या माणसाबद्दल गंभीर लिहावं म्हणतात. पण दामजीला आठवून तोंड पाडून बसणं मला जमायचं नाही. जातिवंत सोंगाड्या होता तो! आमच्याकडे भिल्ल मंडळींच्या सोंगाड्या पार्ट्या गावोगाव नाटकं करतात, त्यात गडीच बायका होतात. अशाच एका पार्टीचा तो म्होरक्या, आणि तिची पोलकी-परकर शिवणारा मी. एकदा मुंबईहून सिनेमाची कंपनी आली. जंगलातल्या माणसांचा सिनेमा काढायचा होता म्हणे. दामजीला घेतलं तेव्हा त्याला वाटलं, आपल्यालाही दोन विनोद सांगायला मिळतील. कसचे विनोद! हा पुरेसा काळा नाही म्हणून त्याच्या अंगाला काजळ फासलं, डोक्यात कोंबडीची पिसं खोवली आणि खांबाला बांधलेल्या नायिकेभोवती ‘हुर्र हुर्र’ करत नाचवलं. अख्खा बाजार हसवणाऱ्या माणसाला त्यांनी एक शब्द दिला नाही.

पुढल्या साली तो सिनेमा आमच्या बाजारात तंबूत लागला. दामजी हौसेनं मोगीला घेऊन गेला. तो पडद्यावर येताच लोक हसून लोळले. दुसऱ्या दिवसापासून शाळेतली पोरं मोगीभोवती ‘हुर्र हुर्र’ करत फेर धरू लागली. चौथीतली पोर ती, शाळेत जाणार नाही म्हणजे नाही म्हणून बसली. रागावून झालं, गोंजारून झालं. दामजीच्या घरात पाटी हातात धरलेली ती पहिलीच. तिची शाळा सुटली असती तर तो आतून मोडला असता, हे मला दिसत होतं. मी तंबूवाल्याच्या अंगावर जायला निघालो, तर त्यानं माझी बाही धरली.

“मास्तर, आमनं सोंग त्यास्नी करं. आते त्यास्नं आपन करुत.”

पुढच्या बाजारी, भर दुपारी, शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत पार्टी उभी राहिली. सगळ्यांच्या तोंडाला तांदळाचं पीठ. दामजी मुंबईच्या टोळीचा सरदार! कुणी पुरेसा गोरा दिसला नाही की “पीठ लावा रे” म्हणून ओरडायचा. कॅमेरा म्हणून उभ्या केलेल्या तीन पायांच्या पेटीला नारळ फोडायचा, छत्रीखाली लोळायचा, कोंबडी दिसली की किंचाळून खुर्चीवर चढायचा. आणि खांबाला बांधलेला कोण? मी, मिशीसकट! माझ्याभोवती ती टोळी ‘कट कट, कट कट’ करत नाचली. दुसरा शब्दच येत नव्हता बिचाऱ्यांना. व्यापारी हसले, भाजीवाल्या हसल्या, तंबूवाल्यानंही पोट धरलं. मोगी आधी गर्दीच्या पाठीमागे लपली होती… मग पुढे येऊन टाळ्या पिटू लागली. त्या क्षणी मला बांधलेल्या हातांनी दामजीला मिठी मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मोगी आपणहून शाळेत गेली. दामजीला चैन पडेना, म्हणून आम्ही दोघे कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो. मधल्या सुट्टीत पोरं तोंडाला खडू फासून नाचत होती, आणि कुणी काय व्हायचं ते मोगी ठरवत होती. कालपरवापर्यंत तिला सगळ्यात जास्त छळणारा पोरगा अगदी गयावया करत तिच्यापुढे आला.

“मोगी, माले मुंबईवाला करशी का?”

मोगीनं कमरेवर हात ठेवून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“पहिले नाची दखाड.”