मधलं चाक

नव्याण्णवची गोष्ट असेल. मी डोळे आखलेला गणपती अमेरिकेला गेला आणि वाटेत पडला. तिकडच्यांनी कळवलं की मूर्ती दुरुस्त केलीय, फोटो इंटरनेटवर आहे. माझी झोपच उडाली हो! डोळ्यांवर कुणी ब्रश फिरवला असेल तर?

पेणच्या कंप्युटरच्या दुकानात गेले आणि सवयीनं माऊस ब्रशासारखा बोटांच्या टोकांत धरून उचललाच.

"अगो आजी, टेबलावर ठेव!" दुकानदार हसला. ठेवला, तर पडद्याच्या बाजूची पान सरकवायची पट्टी बोटाखालून निसटायची आणि पान धाडकन तळाला जायचं.

"आण, मीच दाखवतो," तो म्हणाला.

शेजारी एक माणूस रोह्याच्या गाडीची वाट बघत, मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. सारखा चष्मा शर्टाला पुसायचा. तो दुकानदाराला म्हणाला, "तू फिरवलंस तर तू बघशील. त्यांना हवं तिथं त्यांना थांबू दे."

माऊसला मधे चाक होतं, पण दुकानातल्या कंप्युटरवर लिनक्स नावाची सिस्टिम होती, तिच्यावर ते नुसतंच फिरायचं, पान हलायचं नाही. त्या चष्मेवाल्यानं दोन बोटांनी टकटक करत काहीतरी लिहिलं, कंप्युटर बंद करून चालू केला, पुन्हा चष्मा पुसला. "फिरवा आता. सावकाश."

चाकाबरोबर पान हळूहळू सरकलं. मुकुट आला, कपाळ आलं, मग डोळे. मी थांबले. खालच्या सोंडेला मात्र भलताच रंग होता.

"काय, आहे ना सगळं?" त्यानं पिशवी खांद्याला लावत विचारलं.

"सोंड त्यांची झाली रे," मी म्हटलं, "पण बघतोय तो माझ्याच डोळ्यांनी."