पाटी वाचून वळलो

माझे वडील, आबा, सोलापूरला आले ते माझं ऑफिस बघायला. मला सरकारी नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, पण सांगोल्याकडच्या आमच्या माळावर मेंढरं टाकून बाहेर राहणं त्यांना जमत नव्हतं. शेवटी एकदा त्यांनी कळप चुलत्यावर सोपवला, धुतलेलं धोतर नेसलं, नवा पांढरा पटका बांधला आणि सकाळच्या एस.टी.नं आले. स्टँडवर उतरताच म्हणाले, "आदी हापिस दाव. च्या-बी मागनं."

आमच्या घरात वाचता येणारा मी पहिला. गावात कुठलाही कागद आला, विजेचं बिल असो की रेशनची सूचना, आबा तो हातात धरून माझी शाळा सुटायची वाट बघायचे. मी वाचायला लागलो की ते उकिडवे बसून पोथी ऐकावी तसं ऐकायचे. मी चौथीत असताना आमच्या माळाला लागून असलेल्या डोंगरावर पाटी लागली. ‘चराईस सक्त मनाई’. मीच ती त्यांना वाचून दाखवली. बाकीच्यांची मेंढरं त्या डोंगरावर चरत राहिली, कुणी कुणाला काही म्हटलं नाही. आबा मात्र उन्हाळ्याच्या उन्हात कळप लांबच्या ओढ्याकडून फिरवून न्यायचे. लोक हसायचे. आबा म्हणायचे, "लिवलंय न्हवं? मंग झालं."

मीही तसाच वाढलो. वसतिगृहात माझा नंबर लागला तो भिंतीवरच्या यादीत नाव होतं म्हणून. शिष्यवृत्ती आली ती कागदावर सही-शिक्का होता म्हणून. मेंढरामागं जाणारा मुलगा पदवीधर झाला तो सरकारच्या लेखी शब्दावर. त्या शब्दाचं माझ्यावर ऋण आहे, हे मी आजही नाकारत नाही.

माझी खोली ऑफिसच्या बाजूलाच आहे, त्यामुळं स्टँडकडून ऑफिसला जायची मला सवय नव्हती. आबांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि निघालो. दोन चौक ओलांडल्यावर रस्त्यात पिवळी पाटी उभी होती. ‘काम चालू आहे. पर्यायी मार्ग’, आणि डावीकडं बाण. समोरचा रस्ता मोकळा दिसत होता. माझ्या पुढच्या दोन रिक्षा सरळ निघून गेल्या. मी डावीकडं वळलो. पुढच्या कोपऱ्यावर तशीच दुसरी पाटी, बाण उजवीकडं. मी उजवीकडं वळलो. मागून आबा म्हणाले, "सगळं लिवून ठिवलंय की रं हितं. शेरगावात माणूस चुकायचा न्हाय."

शंभर पावलंही गेलो नसेन, समोर वाहतूक पोलीस मोबाइल उंच धरून उभा. फोटो काढून झाल्यावर त्यानं हात केला.

"काय ओ, एकेरी मार्ग आहे. कुठं घुसताय?"

"साहेब, पाटीवर बाण आहे. पर्यायी मार्ग म्हणून—"

"कुठली पाटी? एकेरी मार्गाचा बोर्ड दिसला नाही का?"

मी वळून बघितलं. बोर्ड होता. त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता, हात जोडलेले, गॉगल घातलेले चेहरे, आणि त्यांच्यामागून बोर्डाची लाल कड तेवढी दिसत होती.

"शिकल्यासारखे दिसताय," पोलीस म्हणाला. "वाचता येत नाही होय?"

"वाचूनच आलोय, साहेब. चला, मी तुम्हाला पाटी दाखवतो."

"मी ड्यूटी सोडून तुमच्या मागं पाट्या बघत फिरू? आणि मागच्याचं हेल्मेट कुठाय?"

आबांना वाटलं हे उत्तर आपणच द्यायला पाहिजे. ते गाडीवरून उतरले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "डोईला पटका हाय की, सायेब."

शेजारी उभा असलेला रिक्षावाला खो खो हसला. "अरे चाचा, पगडी को कौन हेल्मेट मानताय? जुर्माना डबल हो गया ना."

पोलिसानं हातातल्या मशीनवर बोटं चालवली. उलट दिशा आणि मागच्याला हेल्मेट नाही, दोन्ही मिळून रक्कम माझ्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त झाली. मी पुन्हा बोलायला लागलो तसे आबा पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं लेकराचं. सोडा सायेब."

"आबा, हात खाली घ्या. मी चुकलो नाही."

"गप रं. सायेबाम्होरं तोंड चालवू नगं."

त्यांचे जोडलेले हात मी धरून खाली केले. तेवढ्यात चिठ्ठी बाहेर आली. आबांनी ती पोलिसाकडून अदबीनं दोन्ही हातांनी घेतली, माझ्याकडं दिली आणि विचारलं, "काय लिवलंय?" चौथीपासून वाचत आलो तसंच मी वाचलं, ‘विरुद्ध दिशेने वाहन चालविणे’.  मी गाडी ढकलत बाहेर काढेपर्यंत आबा पाठीमागून चालत राहिले.

ऑफिसात मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. शिपायानं चहा आणला. आमचे हेडक्लार्क मनमोकळे आहेत. त्यांना घडलेलं सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, ते पाइपलाइनचं काम कधीच संपलं! पाट्या कुणी उचलल्याच नाहीत. तिथनं सगळे सरळ जातात. पाटी वाचून गाडी वळवणारे सोलापुरात तुम्ही पहिलेच."

सगळं टेबल हसलं. साहेबलोक हसतात म्हणून आबाही थोडं हसले. मला त्यातही बरं वाटलं, कारण माझ्या बाजूचा साक्षीदार मिळाला होता.

"ऐकलंत ना आबा? पाटी चुकीची होती."

आबांनी बशी खाली ठेवली. "पाटी चुकीची कशी आसंल? सरकारी हाय न्हवं ती?"

"सरकारीच. पण..."

"आन ही चिठ्ठी?"

"तीही सरकारीच."

ते पंख्याकडं बघत बसले. मग अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "दोन्ही सरकारी आस्तील तर मंग तुलाच वाचाया चुकलं आसंल की."

दंडाचं मला काही वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण हे वाक्य त्याहून महाग पडलं. माझ्या वाचण्यावर त्यांनी आजवर कधी शंका घेतली नव्हती. पोलिसानं घेतली, रिक्षावाला हसला, ते मी सहन केलं असतं.

म्हणून मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही पाट्यांचे आणि फ्लेक्समागच्या बोर्डाचे फोटो काढले आणि मुद्देसूद अर्ज पाठवला. निकाल माझ्या बाजूनं लागला की तो आबांना वाचून दाखवायचा, एवढंच डोक्यात होतं. काही आठवड्यांनी उत्तर आलं. ‘छायाचित्राचे अवलोकन करता उल्लंघन झाल्याचे स्पष्ट दिसून येते. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ सोबत पोलिसानं काढलेला फोटो. त्यात माझी गाडी होती, माझ्या खांद्यामागं आबांचा पांढरा पटका होता. पाटी नव्हती. ‘सबब निकाली’ हे शब्द मी स्वतः रोज लिहितो. ते लिहिताना समोरच्याचे फोटो नीट उघडून बघावे लागत नाहीत, हे मला माहीत आहे. मी पैसे भरले. पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल, हेही नियमात लिहिलेलं आहे.

सणाला गावी गेलो तेव्हा कळलं, आबांनी गावभर माझी खुर्ची, माझा पंखा, शिपायानं आणलेला चहा, सगळं सांगितलं होतं. दंडाचा शब्द आईजवळसुद्धा काढला नव्हता. पोरानं केलेली चूक बाप झाकतो तशी त्यांनी ती झाकली होती, आणि चूक मी केलीच नव्हती, हे आता कुणाला सांगायचं?

संध्याकाळी मेंढरं वाघराच्या जाळीत घातल्यावर आबा आत गेले आणि विम्याचा एक कागद घेऊन आले.

"मास्तरकडनं वाचून घ्येतलाय," ते म्हणाले. "तू बी बघ एकदा. तसंच येतंय का."

मी उजेडाला बसलो आणि वाचायला लागलो. ते उकिडवे बसले नाहीत. उभे राहून, मास्तरांनी सांगितलेलं आठवत, माझ्या तोंडाकडं बघत राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर मान हलवून म्हणाले, "व्हय. बराबर हाय."