बंद लॅपटॉपनं मागं घेतलेलं अपडेट

आधीच सांगतो, भूतखेत, भानामती असलं काही मी जन्मात मानलं नाही. आमच्याकडं भानामतीचे किस्से पोत्यानं मिळतात, आणि ते सांगणाऱ्याला तोंडावर हसणारा माणूस मी. आता लोक मला हसतील... हसू द्या.

लातूरला औसा रोडला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. सोबत एक बिनपैशाचा उद्योग करतो – एका ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट लोकांकडं जायच्या आधी तपासायचे. नवीन अपडेट आधी आम्हा टेस्टरना मिळतं. घालून बघायचं, नीट चाललं तर 'ओके' द्यायचा. साउंडच्या कामाला आम्ही तिघंच. तिघांचे ओके पडले की दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या मशीनवर जातं. यासाठी मी एक जुना लॅपटॉप ठेवलाय. त्याची बॅटरी फुगली म्हणून कधीच काढून टाकली. वायर लावली तर चालू, काढली की ठार बंद.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी बहीण शिवकांता हदगावला दिलेली. सातव्या महिन्यातच बाळंत झाली, पोरगी सव्वा किलोची. नांदेडला एका खासगी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. तिथं सिस्टरच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मीच बसवून दिलेला. टेबल दुसऱ्या खोलीत, म्हणून पेटीतल्या बाळाचा श्वास थांबला की त्या कॉम्प्युटरवर बेल वाजायची. सिस्टीम हीच, आणि अपडेट आपोआप घे म्हणून सेटिंग पण माझीच.

सोमवारी साउंडचं अपडेट आलं. दोघांचे ओके पडलेले, राहिलो मी. घातलं, गाणं लावलं, वाजलं. दहा मिनिटांचं काम! ओके देणार तेवढ्यात, दोन वाजता, लाइट गेली. साडेतीनला आली. लॅपटॉप लावतो तर अपडेट गायब, जुनंच बसलेलं.

सिस्टीममधला पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम एक यादी ठेवतो – काय घातलं, काय काढलं, किती वाजता, कुणी. त्यात स्पष्ट होतं: अपडेट मागं घेतलं, दुपारी २:४०. 'कुणी'च्या जागी रिकामं. अहो, २:४०ला लाइटच नव्हती की!

लॅपटॉपचं घड्याळ बिघडलं असेल म्हणून आतला सेल बदलला. परत अपडेट घातलं, लॅपटॉप बंद करून वायर काढली, दुकानाला कुलूप लावून घरी गेलो. मंगळवारी सकाळी बघतो तर परत मागं घेतलेलं. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. आता डोकं फिरलं माझं.

तिसऱ्यांदा घातलं. बंद केला, वायर कपाटावर टाकली आणि समोर खुर्ची मांडून बसलो. दुपारी बायको, मीरा, डबा घेऊन आली.

"काय बघायलाव ओ त्या बंद डबड्याकडं?"

"गप बस जरा."

आणि फॅनचा आवाज आला. भर दुपारी, बाहेर क्लासची पोरं, ऑटोचे हॉर्न... आणि त्या बिनवायरच्या लॅपटॉपचा फॅन फिरायला लागला. मला वाटलं छताच्या पंख्याचा आवाज असेल. मीरानंच पुढं होऊन झाकण उघडलं. स्क्रीन काळी. तिनं बटणांवर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला.

"आई गं! गरम हाय हे... अहो, बटणं दबायलीत!"

मी बघितलं. एकेक बटण खाली जात होतं, वर येत होतं. सावकाश. शेवटी एंटर दबलं आणि फॅन थांबला. मीरा डबा तिथंच टाकून बाहेर पळाली.  बऱ्याच वेळानं वायर लावून यादी उघडली. त्याच वेळेची नोंद: अपडेट मागं घेतलं. नाव रिकामं.

दुसरा कुणी असता तर लॅपटॉप फेकून दिला असता. मी हट्टी. बंद असतानाच हे होतंय ना, मग चालूच ठेवतो! चौथ्यांदा अपडेट घातलं आणि इन्व्हर्टरला जोडून चालू सोडून दिला. बुधवारी सकाळी अकराला यादी बघितली – अपडेट जागेवर. जिंकलो म्हणून गाणं लावलं. गाणं पळतंय, आवाज नाही. फुल केला, तरी नाही. या अपडेटनं लॅपटॉप सलग बरेच तास चालू राहिला की मुका होत होता. दहा मिनिटांत हे कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात फोन वाजला. शिवकांता. रडायली होती.

"दादा... बाळानं श्वास सोडला होता रे आत्ता. निळी पडली होती. बेल वाजली म्हणून सिस्टर पळत आल्या, न्हाई तर... हाव, आता बरी हाय."

 सोमवारी ओके दिला असता तर मंगळवारीच ते अपडेट सिस्टरच्या टेबलावर पोचलं असतं. तो कॉम्प्युटर तर कधी बंदच करत नाहीत. माझ्या हातानं मी माझ्या भाचीची बेल बंद केली असती. लगेच 'नापास' टाकला, आणि दवाखान्याला फोन करून ती आपोआपची सेटिंग काढायला लावली.

मित्र म्हणतात, चांगलंच झालं की, भ्यायचं काय त्यात? अरे बाबांनो, बटणं तुम्ही नाही बघितली. भास म्हणावा तर दोघांना एकदम कसा होईल? मीरा तर दुकानात पाय ठेवत नाही.

भाची आता भिंतीला धरून चालते. आणि गेल्या आठवड्यात अक्षरांच्या फॉन्टचं एक किरकोळ अपडेट आलं. घातलं, लॅपटॉप बंद केला, जेवून आलो... मागं घेतलेलं. तेव्हापासून परत घालून, चालू ठेवून आठ दिवस तपासतोय. एक दोष सापडेना. बाकीचे टेस्टर चिडलेत, कशाला अडवून धरलंस म्हणून. शिवकांताला रोज फोन करतो, पोरगी कशीय? ती वैतागते, "खेळून राहिली म्हणलं ना दादा!"

मग या वेळी कुणाचं लेकरू? कुठल्या गावचं? मला काही माहीत नाही. ओके अजून दिलेला नाही.