दोघांनी उचललेला भंडारा

हे लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही... निदान तेव्हा मी तसं समजत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

लढाईचे दिवस, रॉकेलही रेशनवर. नगरला नुकती वकिली सुरू केली होती आणि राहुरीकडच्या एका खुनाच्या खटल्यात आरोपीचं वकीलपत्र घेतलं. त्याला गणपा म्हणू. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाला मारल्याचा आरोप. तुरुंगात भेटायला गेलो की ‘म्या न्हवं’ एवढंच सांगे. मला खरं काय ते हवं होतं. आईनं दिलेली खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी माझ्या कोटात असायची. ती उघडून म्हणालो, भंडारा उचलून शपथ घे आणि खरं सांग.

तो म्हणाला, “उचलतो. पर तुमीबी उचला, मला सोडवीन म्हून.”

दुसरा वकील हसला असता. आमच्या गावात मात्र उचललेला भंडारा कुणी मोडत नाही... मला नाही म्हणवेना. दोघांनी उचलला. मग तो शांतपणे म्हणाला, “म्याच मारला.”

माझी झोप गेली. एकदा जेवताना बायकोला सगळं सांगितलं. घरात आम्ही दोघंच, दार लावलेलं. ती म्हणाली, “द्या सोडून ते वकीलपत्र. शपथेचं काय ते माझ्यावर येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी तेच सांगायला तुरुंगात गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच गणपा म्हणाला, “वैनीसायबांवर कशापायी घालता, वकीलसायब? शपथ तुमची हाय.”

आवाज चढवला नव्हता. मध्ये गज, बाजूला शिपाई — तरी मी मागे सरकलो.

खटला चालवला. खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला उलटतपासणीत गोंधळवून टाकलं. गणपा निर्दोष सुटला. कोर्टाबाहेर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “सुटलात, वकीलसायब.” आणि निघून गेला.

वकीलपत्र सोडणार हे त्यानं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल, मान्य. पण बायकोचे शब्द? फौजदारी कामं मी बंद केली, आता जमिनीचे दावे तेवढे बघतो. तेव्हापासूनचा थकवा मात्र जात नाही. पुडी अजून त्याच कोटात आहे... टाकवत नाही, आणि त्या खिशात हातही घालवत नाही.