एगोनचं गवत

वेलमबेकच्या गेर्मानिया फुटबॉल क्लबचा इतिहास कुणी विचारला, की मी सरळ एगोन ट्वीटमायरकडे बोट दाखवतो. वीटभट्टीच्या कामगारांनी क्लब काढला, एकदा तो चांगला वरच्या लीगपर्यंत चढला, मग भट्टी बंद पडली आणि क्लब घसरत घसरत जिल्ह्याच्या अगदी तळाच्या गटात येऊन बसला. गवत तेवढं पहिल्या दर्जाचं राहिलं. ते एगोनमुळे.

तरुणपणी तो आमचा गोलरक्षक. गुडघा गेल्यावर त्याने मैदान सांभाळायला घेतलं, आणि तेव्हापासून कुणालाही सुखाने खेळू दिलं नाही. सामन्याआधी कुणी गोलसमोर सराव करताना दिसला, की हा फावडं घेऊन लंगडत धावायचा.

"गवतावरून हो बाजूला! तुझ्या आजीचं अंगण आहे का हे?"

गोलरक्षकांवर तर खास राग, टाचांनी खड्डा पाडतात म्हणून. त्याची बायको रोझविटा आमच्या स्टॉलवर सॉसेज भाजता भाजता म्हणायची, "माझ्या गालिच्यावर मात्र चिखलाच्या बुटांनी येतो, मेला."

गेल्या नोव्हेंबरात खेळाडूच पुरेनात. दोन सामन्यांना आमचा संघ उतरलाच नाही. तिसऱ्यांदा उतरला नाही तर लीगमधून नाव जाणार. मग शेजारचा हाटेनरोडे क्लब आम्हाला गिळायला टपलेलाच होता. आणि त्या रविवारचे पाहुणे नेमके तेच! सामना सुरू करायला निदान सात जण लागतात. आमचे आले सहा, त्यात गोलरक्षक नाही.

कर्णधार टिल्मान एगोनपाशी गेला. "तुझी खेळाडू म्हणून नोंदणी अजून आहे ना रे?"

"आहे. रद्द कशाला करू?"

"मग चढव हातमोजे. एकदा शिट्टी वाजली की आपण उतरलो असं धरतात. मग गुडघा धरून बाहेर ये, सामना तिथेच थांबेल, कोण विचारतंय!"

शिट्टी वाजली. क्लब वाचला. टिल्मानने खूण केली, पण हा पठ्ठ्या हलेना.

"अरे, ये की बाहेर आता!"

"सामना संपलाय का?" एगोन ओरडला. "पुढे बघ, चेंडू येतोय!"

त्याने तेरा गोल खाल्ले. दर वेळी गुडघा धरून उठला, चेंडू जाळीतून काढला आणि परत उभा राहिला. एक पेनल्टी त्याने चक्क पोटावर अडवली, तेव्हा हाटेनरोडेवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी कुंपण धरून रडत होतो, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नव्हती.

सामना संपल्यावर सगळे त्याला खांद्यावर घ्यायला धावले, तर हा गोलसमोर खाली मान घालून उभा. त्याच्याच टाचांनी तिथलं गवत पार उखडून टाकलं होतं. तेरा गोलांनी पडलं नव्हतं एवढं तोंड आता पडलं होतं.

तेवढ्यात स्टॉलवरून रोझविटाचा आवाज आला, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"एगोन! गवतावरून हो बाजूला!"

एगोन मुकाट्याने बाजूला झाला आणि फावडं आणायला गेला. पुढच्या रविवारी सामना होता ना.