अपघाताच्या वहीची लक्ष्मीपूजा

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहाचे कप खाली ठेवा, सतरंजी नवी आहे!

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मी मुनीम होतो. दिवाळीच्या तोंडावर सरकारी पत्र आलं. मिलमध्ये कोणाला इजा झाली तर नोंद करायला अपघाताची वही ठेवा, साहेब तपासायला येतील.

शेठजी म्हणाले, "मुनीम, वही चोख ठेवजो. सायबानं खोट काढली, तर तुयी नोकरी गेली समज."

मग काय! कोरी करकरीत वही आणली, लाल कापडाचं वेष्टन चढवलं. आणि लक्ष्मीपूजनाला रोकड-खतावणीच्या हिशेबवह्यांबरोबर तीही पाटावर मांडली. का नाही मांडायची? वही ती वही! हळदकुंकू वाहिलं. दरवर्षीसारखं प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढून झोकात लिहीत गेलो, 'शुभ लाभ. उत्तरोत्तर भरभराट होवो.' हात चालूच होता हो!

दिवाळी सरली आणि नागपूरहून साहेब आले. मी ऐटीत वही पुढे केली. साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"अपघातांची भरभराट होवो?"

गेली नोकरी! आता तरी माणसानं गप्प बसावं की नाही? पण मी कुठला बसतोय! म्हणालो, "सायेब, अजून तं एकबी झाला नाही जी. पन आता पूजा केली ना, आता होतेच पाहा!"

"अबे, काय बोलून राहिला?" शेठजी ओरडले.

पान फाडायला मी घाईघाईनं उठलो. बाजूलाच तिजोरीचं दार सताड उघडं! खाडकन कपाळ आपटलं. डोळ्यांपुढे काजवे, भुवईवर रक्त. शेठजींनी पूजेची उरलेली हळद मुठीनं कपाळावर दाबली.

साहेब आधी घाबरले, मग पोट धरून हसले. "घ्या, पावली लक्ष्मी! आता करा नोंद."

मी स्वतःच्या हातानं पहिली नोंद लिहिली. जखमी कोण? मीच.

"कारण काय लिहू जी?"

"तिजोरीचं उघडं दार लिहा. खरं कारण या रकान्यात मावायचं नाही!"

नोंद वेळेवर केली असा शेरा मारून साहेबांनी सही केली आणि चहा पिऊन गेले. नोकरी वाचली! असा काही जीव भांड्यात पडला, की कपाळ ठणकतंय हेसुद्धा संध्याकाळी कळलं.

पुढच्या दिवाळीला शेठजींनी ती वही स्वतः कपाटात कुलूपबंद केली. मी कुंकवाची वाटी घेऊन उभाच.

"बाकीच्या वह्यांवर लिहू का, शेठजी?"

"तू कायले? तू हात जोड अन् दूर बस. तिजोरीपासून बी दूर!"

आणि काय सांगावं, त्या अख्ख्या वर्षात वहीत दुसरी नोंद झालीच नाही हो!