माग चालू असताना उस्ताद काय बोलला

समजा, तुम्ही कापडाच्या मागावर उभे आहात. एका शेडमध्ये असे साठ माग, आणि प्रत्येक मागात सुताची कांडी पोटात घेतलेला धोटा मिनिटाला दीडशे वेळा या टोकावरून त्या टोकावर आपटतोय. तुमचा एक धागा तुटलाय. कात्री मैत्रिणीकडे आहे आणि ती चार माग पलीकडे. जागा सोडता येत नाही. ओरडून उपयोग नाही, कारण तुमचा आवाज तुमच्याच कानापर्यंत पोहोचत नाही. आता तिच्याकडे कात्री मागा. आणि मागता मागता हेही सांगा, की मुकादम तिच्या पाठीशी येऊन उभा आहे.

माझी आत्या हे एकतीस वर्षं करत होती. ओठ पूर्ण उघडायचे, शब्द सावकाश, आवाज शून्य. प्रश्न असेल तर भुवया वर. मुकादमाविषयी काही असेल तर जीभ गालात. शेडमधल्या सगळ्या बायका अशा बोलत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या सासूने काय केलं, सगळं सगळं साठ मागांच्या दणदणाटात, एक अक्षर न उच्चारता.

त्या दणदणाटाने तिचे कान खाल्ले. एकदम नाही, हळूहळू. आधी दारावरची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी, मग माझ्या वडिलांचा, म्हणजे तिच्या भावाचा आवाज. "त्यात फारसं नुकसान झालं नाही," असं ती म्हणते. मी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करते, त्यामुळे मोठ्या हौसेने तिला कानाचं मशीन आणून दिलं. पाहुणे आले की माझ्यासमोर ती ते लावते. बॅटरी काढून.

तिचं सिनेमाचं वेडही तिथूनच आलं. बहुतेक नट, तिच्या मते, दात दुखत असल्यासारखे बोलतात. उस्ताद तसा नाही. उस्ताद हे त्याला चाहत्यांनी दिलेलं नाव. तो शब्द पूर्ण तोंडाने बोलतो. कान गेल्यावर आत्याने त्याचा पहिला सिनेमा पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाली, "हा माणूस माझ्याशी बोलत होता." तेव्हापासून त्याचा एकही सिनेमा तिने सोडला नाही. अपवाद एकच. एकदा त्याने भूमिकेसाठी झुपकेदार मिशी ठेवली. बाकीचे चाहते त्या मिशीवर फिदा झाले. आत्याने महिनाभर त्याचं नाव टाकलं. "केसांतून बोलतोय मेला. काय वाचायचं माणसाने?"

आमचं, म्हणजे उस्तादच्या चाहत्यांचं, एक मंडळ आहे. दर रविवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात, मशीनच्या मागच्या खोलीत भरतं. दुकानाचा मालकच अध्यक्ष. पस्तिशीचा, गडबड्या, प्रत्येक ठरावाच्या वीस प्रती काढणारा. दुसरे केमिस्टकाका, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे. त्यांना उस्तादचे सगळे संवाद पाठ आहेत, निदान तसं ते सांगतात. आत्यासोबत तिची मैत्रीण येते. चार माग पलीकडची, कात्रीवाली. अंगाने इतकी बारीक, की शेडमध्ये तिचं नाव कांडी पडलं ते पडलंच. मी तिला कांडीमावशी म्हणते.

उस्तादचा नवा सिनेमा आला तेव्हा आमच्याकडे गंमतच झाली. गोष्ट चक्क मागाच्या शेडची. शेड बंद पडते, आणि उस्ताद त्यात माग दुरुस्त करणारा मिस्त्री. आत्याने दोन महिने आधीपासून दिवस मोजले आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, दोन आठवडे पडदा-टीव्ही बंद. थेंब घालायला कांडीमावशी, म्हणून तीही गेली नाही. सिनेमा अकरा दिवस चालला आणि उतरला. आम्ही बाकीचे सगळे बघून आलो. आत्या चष्म्याआडून आमची तोंडं वाचत बसली.

तीन महिन्यांनी सिनेमा पुन्हा सेन्सॉरच्या हाताखालून जाऊन घरच्या टीव्हीवर आला. त्या रविवारी मी पोहोचले तेव्हा झेरॉक्सच्या खोलीत रण माजलं होतं.

"खून आहे हा सिनेमाचा!" अध्यक्ष टेबलावर हात आपटत होता. "नऊ ठिकाणी! नऊ ठिकाणी आवाज बंद केलाय! उस्ताद तोंड हलवतोय आणि आपण खुळ्यासारखे बघतोय."

"मालकाच्या केबिनमधला तो संवाद," केमिस्टकाका कळवळून म्हणाले, "तोच नेला हो. जीव होता त्यात."

तक्रारीचा अर्ज तयार होता. सेन्सॉरच्या कचेरीला पाठवायचा. माझी धरून बावीस सह्या झाल्या. अध्यक्षाने कागद आत्यापुढे सरकवला.

आत्याने तो वाचला. मग कांडीमावशीकडे पाहिलं. मग म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने, कारण आपला आवाज किती लागलाय ते तिला कळत नाही, "कुठे कापलाय?"

"कुठे म्हणजे? घरी बघितला ना तुम्ही?"

"दोनदा. पूर्ण आहे की."

त्या दोघी टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवूनच बघतात. त्यांना फरक पडत नाही आणि शेजाऱ्यांना पडतो.

केमिस्टकाकांनी तोंड फिरवलं आणि अध्यक्षाजवळ पुटपुटले. आत्याने लगेच उत्तर दिलं, "वय झालं तर झालं केमिस्टभाऊ, डोकं शाबूत आहे. तुमच्यासमोर कपाटाची काच आहे. त्यात दिसताय तुम्ही."

मग अध्यक्ष हळूच म्हणाला, "थांबा. म्हणजे ते नऊही... तुम्हाला कळले?"

आम्ही बावीस जण, त्यात एक मी, जिचं पोटच आवाजावर चालतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की आवाज कापला तरी ओठ तिथेच आहेत.

अध्यक्षाने लगेच त्या नऊ जागांची यादी घेतली. मी लॅपटॉपवर सिनेमा लावला. पहिल्या जागी आत्याने सांगितलं, केमिस्टकाकांनी मान डोलावली. दुसऱ्या जागी कांडीमावशीने सांगितलं. "बरोबर, असंच होतं." तिसरी जागा आली, ती मालकाची केबिन. केमिस्टकाका उभेच राहिले. हात वर करून, उस्तादच्या थाटात, "'हे हात विणतात, मालक, आणि हेच हात उसवतातही!'"

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाली, "नाही. असलं काही नाही म्हणत तो."

"मग काय म्हणतो?"

आत्याने कांडीमावशीकडे वळून ओठ हलवले. चार शब्द असतील. कांडीमावशीने स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि खुर्चीत दुमडली. तिच्या हसण्यालाही आवाज नसतो.

"आवाजात सांगा ना," अध्यक्ष वैतागला.

"आवाजात? चारचौघांत? मी भल्या घरची बाई आहे!"

शेवटी वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर तिने ते लिहिलं, चार घड्या घातल्या आणि केमिस्टकाकांना दिलं. काकांनी वाचलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि बसत म्हणाले, "हो. आता आठवलं."

नऊ जागा तासाभरात भरून निघाल्या. अध्यक्ष तर इतका खूश, की सगळ्यांसाठी दुसऱ्यांदा चहा सांगितला. आत्या मात्र लॅपटॉपकडे बघत होती.

"आता पुढचं लाव," ती मला म्हणाली. "शेवटून दुसरा प्रसंग. आमच्या टीव्हीवर तिथे डाग पडतो."

शेडचा शेवटचा दिवस. सगळे माग चालू. उस्ताद दारातून येतो आणि म्हाताऱ्या विणकर बाईपासून चार माग अंतरावर थांबतो. तिच्याकडे बघून काहीतरी बोलतो. आणि नेमका त्याच्या तोंडावर, तळहाताएवढा, एक धुरकट ठिपका.

"आहे! इथेही आहे!" आत्या म्हणाली. "मला वाटलं ऑपरेशन फुकट गेलं. चष्मा पुसला, टीव्ही पुसला. मग हिलाही दिसला."

"मी तर बिनऑपरेशनची," कांडीमावशी म्हणाली.

आत्या आमच्याकडे वळली. "तुम्ही सगळ्यांनी थेटरात बघितलाय. तिथे तोंड उघडं होतं. काय म्हणाला तो?"

केमिस्टकाका गोंधळले. "तिथे संवाद नव्हताच ताई. नुसता मागांचा खडखडाट."

"मला वाटलं, तो काहीतरी चघळतोय," अध्यक्ष म्हणाला.

"चघळतोय!" आत्याने कपाळाला हात लावला. "बोलतोय तो! आमचं बोलणं बोलतोय, शेडमधलं! बघ त्याची मान, बघ भुवया." मग माझ्याकडे, "आणि तू गं? तुझ्या आत्याच्या घरी लहानाची मोठी झालीस."

मी काय सांगणार? तेव्हा पडद्यावर उस्तादचं तोंड दरवाजाएवढं होतं आणि मी मान वळवून मागच्या भिंतीकडे बघत होते. मागांचा आवाज कुठल्या स्पीकरमधून इतका सुरेख येतोय ते शोधत. हे मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पुढे बघ," ती म्हणाली.

ठिपक्यानंतर म्हातारी विणकर दिसते. ती आधी हसते. मग हात पुढे करून आपला माग थांबवते.

"सुटीचा सायरन झालेला नाही. धागा तुटलेला नाही," आत्या म्हणाली. या वेळी तिचा आवाज अगदी बारीक लागला होता, आम्हाला पुढे वाकावं लागलं. "चालता माग बाई उगाच थांबवत नाही. आमची शेड बंद झाली त्या दिवशी कुणी थांबवला नाही. आम्ही विणतच राहिलो. कापड कुणाला द्यायचं ते ठाऊक नव्हतं, तरी विणत होतो. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय बोलावं ते एकालाही सुचलं नाही. ह्याला सुचलं. काय सुचलं तेवढं मला कळायला हवं."

कांडीमावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

केमिस्टकाकांनी घसा साफ केला. "पण कापायला काही हवं ना ताई? ऐकूच येत नाही ते कोण कशाला झाकेल? मशीनची चूक असणार."

मी आवाजाची रेघ उघडली. आवाज मोठा असला की ही रेघ डोंगरासारखी उंच जाते, नसला की सपाट. बाकीच्या नऊ ठिकाणी तुकडा काढून टाकल्यासारखी ती एकदम सपाट होती. इथे मात्र खडखडाटाचे डोंगर अखंड. आवाजाला कुणी हात लावला नव्हता. झाकलं होतं ते फक्त तोंड, उस्ताद बोलायला लागतो तिथपासून बोलणं संपतं तिथपर्यंत, अगदी बरोबर.

"मशीनला हे कळणार नाही," मी म्हणाले. "हे कुणीतरी बघून केलंय."

कांडीमावशीला आधी उमगलं. तिने आत्याच्या दंडाला चिमटा काढला आणि ओठ हलवले. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की ऑपरेशननंतर पट्टी सोडली तेव्हाही इतका उजळला नव्हता.

"काय म्हणाल्या?" अध्यक्षाने विचारलं.

"म्हणाली, तिथे आपल्यातली कुणीतरी बसली आहे." आत्या आता मोठ्याने हसत होती. "अरे, सेन्सॉरच्या टेबलाशी! बाकीच्यांना वाटलं असेल चघळतोय. हिने वाचलं! आणि झाकायला लावलं, चोंबडीने!"

"म्हणजे तुमच्याच माणसाने तुमचं वाक्य नेलं," केमिस्टकाका म्हणाले.

"नेलं तर नेलं. पण तिला कळलं!"

तक्रारीवर सही करायची तर आत्याला नऊ जागांबद्दल काही तक्रारच नव्हती. तिने पेन घेतलं आणि बावीस सह्यांच्या खाली, उरलेल्या कोऱ्या जागेत, स्वतःच्या हाताने लिहायला बसली. अध्यक्ष म्हणाला, "मावशी, सरकारी अर्ज आहे तो." ती खाली बघत होती, त्यामुळे तिला ते ऐकू आलं नाही.

अर्ज जाऊन दोन महिने झाले. उत्तर नाही. आत्याचं फारसं अडलेलं दिसत नाही. दुपारी कांडीमावशी येते. एकीने खिडकीशी उभं राहायचं, दुसरीने स्वयंपाकघराच्या दारात. साधारण चार माग अंतर. खिडकीकडची उस्ताद होते आणि ओठ हलवून एक वाक्य टाकते. दाराकडची त्यावर विचार करते आणि मान हलवते. नाही, याला मी माग थांबवला नसता. मग दुसरं. मग तिसरं. परवा मी मध्येच गेले तर दोघी डोळे पुसत होत्या. हसून की कशाने, ते त्यांनी मला आवाजात सांगितलं नाही.

अर्जाची एक प्रत माझ्याकडे आहे. अध्यक्षाने वीस काढल्या होत्या. सगळ्यात खाली आत्याचं मोठं, सुटं अक्षर आहे:

"बाई, बाकीचं राहू द्या. तो काय बोलला तेवढं कळवा. मी कुणाला सांगणार नाही, आणि सांगितलं तरी आवाज न करता सांगेन. तुम्ही कुठल्या शेडला होता? आणि खरं सांगा, त्याचं ते वाचल्यावर तुम्ही तुमचा माग थांबवला असता का?"